बदलापूरचे जांभूळ आणि जागतिक बाजारपेठ



बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अंबरनाथ तालुक्यात एक प्रश्न वारंवार कानी येतो: "आता आमचे जांभूळ परदेशी जाईल का?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या जोडीने आणखी दोन प्रश्न विचारावयास हवेत. जांभूळ परदेशी गेले तर त्याचा पैसा झाड सांभाळणाऱ्याच्या आणि झाडावर चढणाऱ्याच्या हाती किती पडेल? आणि आणखी वीस वर्षांनी ते झाड जागेवर उभे असेल काय?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हे प्रश्न पुस्तकी नाहीत. रेल्वेमार्गालगतची शेती झपाट्याने बिनशेती होत आहे. बांधावरचे जुने जांभूळ बांधकामाच्या आड आले की प्रथम कुऱ्हाड त्याच्यावर पडते. म्हणून निर्यातीचा विचार करताना माल, माणूस आणि झाड या तिघांचा हिशेब एकत्र मांडणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

जागतिक व्यापाराने दिलेले धडे

शेतमालाच्या जागतिक व्यापाराने अनेक देशांत पैसा आणला, त्याचबरोबर जंगलेही खाल्ली. इंडोनेशिया व मलेशियात पामच्या लागवडीसाठी आणि ब्राझीलमध्ये सोयाबीन व गुरांच्या कुरणांसाठी मोठे वनक्षेत्र तोडले गेले. यात आपण केवळ प्रेक्षक नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते व त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे. बदलापूर स्टेशनवर घेतलेल्या वेफर्सच्या पुडीतही दूरच्या कोणत्या तरी जंगलाचा अंश असू शकतो.

यावर उपाय म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली एक कायदा केला. पामतेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर, लाकूड व गोवंश आणि त्यांपासून तयार होणारे पदार्थ ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचे नसावेत, असे त्यात बंधन आहे. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली, तरी खरेदीदार कोणत्या दिशेने निघाला आहे हे त्यावरून स्पष्ट होते. जांभूळ या यादीत नाही. पण "माल कोणत्या जमिनीवरून आला?" हा प्रश्न आज कॉफीवाल्याला विचारला जात आहे, तो उद्या फळवाल्यालाही विचारला जाईल.

आपल्या राज्यातील अनुभवही लक्षात घेण्यासारखे आहेत. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे उर्वरित अंश सापडले व बागायतदारांना मोठा फटका बसला. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांवर बंदी घातली. कारण होते फळमाशी व इतर किडी. आंब्यावरील बंदी २०१५ साली उठली, तीही तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यानंतर. १ जानेवारी २०१८ पासून भातावरील करप्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लॅझोलची मर्यादा युरोपने किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे १०० टन तांदळात केवळ १ ग्रॅम. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे हीच ०.०१ ची मर्यादा लागते.

चौथा धडा सरकारी धोरणाचा. देशातील भाव आवाक्यात ठेवण्यासाठी २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद करण्यात आली. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी खुली झाली. निर्यातीचे दार कधी बाहेरून बंद होते, कधी आतून. म्हणून सगळा संसार निर्यातीवर उभा करू नये. घरची बाजारपेठ हा पाया व परदेशी बाजारपेठ ही वरची भर, असे नियोजन असावे.

मानांकन म्हणजे काय व काय नव्हे?

विशिष्ट भूभागातील माती, हवामान व लोकांचे कसब यांमुळे एखाद्या मालाला जो गुण येतो, त्या गुणाला व नावाला कायद्याने दिलेले संरक्षण म्हणजे भौगोलिक मानांकन होय. आपल्याकडे यासाठी १९९९ चा कायदा असून तो २००३ पासून अमलात आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील घोलवडचा चिकू व वाडा कोलम तांदूळ यांनाही असे मानांकन मिळालेले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मानांकन मिळाल्याने भाव आपोआप वाढत नाही. मानांकन हे नाव आहे आणि हे नाव एकट्याचे नसून सर्व गावांचे आहे. त्या नावाने विक्री करावयाची तर उत्पादकाने स्वतःची "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणी न करता केवळ पाटीवर "बदलापूर जांभूळ" लिहिल्याने कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातील व दुसऱ्या राज्यातील जांभूळ मुंबई परिसरात येते. ते बदलापूरच्या नावाने विकण्याचा मोह व्यापाऱ्यालाच होतो असे नाही. आपली १० करंड्यांची ऑर्डर असून फळ ८ करंड्यांचेच निघाले, तर उरलेल्या दोन करंड्या बाहेरून घेऊन भरण्याचा मोह शेतकऱ्यालाही होतो. त्या दोन करंड्यांनी शेजारच्या पन्नास जणांचे नाव खराब होते. कमी माल द्यावा, पण खरा द्यावा.

ताजे फळ मुंबईला, टिकाऊ माल परदेशी

जांभळाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय त्याचा व्यापार ठरविता येत नाही. जांभळाला साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मोहोर येतो व मे-जूनमध्ये फळे तयार होतात. आंबा काढून आढीत पिकवितात, तसे जांभूळ काढणीनंतर पिकत नाही. म्हणून ते पूर्ण जांभळे-काळे झाल्यावरच काढावे लागते आणि काढल्यावर साध्या तापमानाला दोन दिवसही धड टिकत नाही. साल पातळ असल्याने खाली पडलेले फळ फुटते व त्याला माती लागते.

ताजे जांभूळ परदेशी जाऊच शकत नाही असे नाही. २०२१ साली उत्तर प्रदेशातील बिठूर परिसरातील जांभळे लंडनला पाठविण्यात आली होती. परंतु असे फळ विमानानेच पाठवावे लागते. विमानाचे भाडे जबर असते आणि तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर जहाजाने नेण्याच्या तुलनेत विमानाला कितीतरी पटींनी जास्त इंधन जळते. एवढा खर्च सोसून उत्पादकाच्या पदरी काय पडते, याचा हिशेब आधी मांडावा.

आपल्याजवळ मात्र बिठूरकरांना नसलेली एक सोय आहे. बदलापूरपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. सकाळी काढलेले फळ दुपारपर्यंत मुंबईच्या ग्राहकाच्या हाती पडू शकते. म्हणून पहिल्या प्रतीचे ताजे फळ मुंबई, ठाणे व कल्याणच्या ग्राहकासाठी ठेवावे. परदेशी बाजारपेठेसाठी पुढील टिकाऊ माल योग्य ठरतो.

१) गोठविलेला गर : लहान, आकाराने वेडीवाकडी परंतु निरोगी व पक्व फळे यासाठी वापरता येतात. गर काढताना लोखंडी वा तांब्याची भांडी वापरू नयेत. जांभळातील तुरट द्रव्यांमुळे गराचा रंग व चव बिघडते. स्टेनलेस स्टीलची भांडी वापरावीत. गर उणे १८ अंश सेल्सिअसला साठविल्यास तो जहाजातील शीत कंटेनरमधून पाठविता येतो.

२) बियांची पूड : गर काढल्यावर उरलेल्या बियांना मागणी असते. अडचण अशी की जांभळाचा हंगाम संपत असताना आपल्याकडे पाऊस सुरू होतो. अंगणात वाळत घातलेल्या बियांना बुरशी येते आणि बुरशीच्या विषामुळे परदेशात माल नाकारला जाऊ शकतो. गटाने मिळून वाळवणी यंत्राची सोय केल्याशिवाय या व्यवसायात पडू नये.

पुडीच्या वेष्टनावर "मधुमेह बरा होतो" असे छापण्याची पद्धत दिसते. असा दावा कायद्याने करता येत नाही. १९५४ च्या औषधी जाहिरातविषयक कायद्यात मधुमेहाचा उल्लेख आहे व अन्न सुरक्षा कायद्यानेही खोट्या दाव्यास बंदी आहे. ग्राहकाने अशा छापील वाक्यावर विसंबून डॉक्टरांचे औषध थांबविले तर त्याच्या जिवाशी खेळ होतो.

उल्हासनगरात पापड, लोणची व खाद्यपदार्थ तयार करणारे अनेक छोटे उद्योग आहेत. त्यांना वेष्टन, परवाने व विक्री यांचा अनुभव असतो. प्रत्येक गावाने नवा कारखाना उभारण्यापेक्षा अशा उद्योगाशी लेखी करार करून गर काढून घेणे सुरुवातीस कमी जोखमीचे ठरते.

झाडावर चढणारा माणूस

जांभळाच्या व्यापाराविषयी बोलताना जो विषय नेहमी मागे राहतो, तो येथे मुद्दाम मांडत आहे. जांभळाची फांदी दिसायला भक्कम, पण ठिसूळ असते. आंब्याची फांदी वाकून इशारा देते, जांभळाची फांदी इशारा न देता मोडते. त्यातच वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर साल निसरडी होते. आपल्या भागात उंच झाडावर चढून फळ उतरविण्याचे काम बहुतांशी ठाकूर व कातकरी समाजातील माणसे करतात. झाड उक्ते घेतलेले असेल तर दिवस वाया जाऊ नये म्हणून पावसातही झाडावर चढले जाते. पडून कंबर वा पाय मोडला, तर त्या घराचा पुढचा सगळा पावसाळा उपासमारीत जातो.

शेतकऱ्यासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास त्यात २ लाख रुपये मिळतात. परंतु तिचा लाभ वहितीधारक खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यास आहे. ज्याच्या नावावर सात-बारा नाही, असा फळ उतरविणारा मजूर त्यात बसत नाही. म्हणजे झाड ज्याचे आहे त्याला संरक्षण आहे, झाडावर जो चढतो त्याला नाही.

यावर स्वस्त उपाय उपलब्ध आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये असून १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण मिळते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. म्हणजे ऐन हंगामात जुने वर्ष संपते व नवे सुरू होते. मेअखेर खात्यात २० रुपये शिल्लक नसतील तर १ जूनला चढणारा माणूस विम्याविना चढतो. झाडमालकाने मे महिन्यातच प्रत्येक मजुराचे खाते तपासून घ्यावे व हप्त्याची रक्कम स्वतः भरावी.

याशिवाय कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणास चढू देऊ नये. पाऊस पडून गेल्यावर झाड सुकेपर्यंत काढणी बंद ठेवावी. झाडाखाली चार बांबूंवर जाळे ताणून बांधावे. त्यामुळे फळ मातीत पडत नाही व शेंड्यापर्यंत चढण्याची गरज कमी होते. मात्र हे जाळे फळासाठी आहे. माणूस पडल्यास ते त्याला पेलेल अशा भरवशावर राहू नये. मजुरी करंडीवर न देता दिवसावर द्यावी, म्हणजे घाईने जीव धोक्यात घातला जात नाही.

एका झाडाचा हिशेब

आता हे सर्व परवडते का, ते पाहू. खालील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आपण आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा.

समजा एका मोठ्या झाडाला ६० किलो विक्रीयोग्य फळ आहे. झाड उक्ते दिल्यास मालकाला १,५०० रुपये मिळतात व त्याला काही करावे लागत नाही. त्याऐवजी स्वतः काढणी करून प्रतवारी केली व २० किलो पहिल्या प्रतीचे फळ १५० रुपये दराने, २० किलो दुसऱ्या प्रतीचे ६० रुपयांनी व २० किलो गरासाठी २५ रुपयांनी दिले, तर एकूण ४,७०० रुपये येतात. दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी ४०० रुपये रोजाने २,४०० रुपये, जाळे, खोकी व वाहतूक ७०० रुपये, असा ३,१०० रुपये खर्च होतो. हाती राहतात १,६०० रुपये. म्हणजे एवढा खटाटोप करून उक्त्यापेक्षा फक्त १०० रुपये जास्त. एकट्या शेतकऱ्याने हे करू जाऊ नये, हेच हा हिशेब सांगतो.

आता हेच काम वीस झाडांच्या गटाने केले असे समजा. जाळी व टेंपो सामाईक झाल्याने ७०० चा खर्च ३५० वर आला. जाळ्यामुळे फळ कमी फुटले व पहिल्या प्रतीचे फळ २० वरून ३० किलो झाले, दुसऱ्या प्रतीचे १० किलो उरले. उत्पन्न ५,६०० रुपये, खर्च २,७५० रुपये, शिल्लक २,८५० रुपये. मजुराचा रोज कमी केला नाही, तरी मालकाची शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली. ही वाढ परदेशी भावाने नव्हे, तर कमी नासाडीने व एकत्र कामाने झाली. निर्यातीचा भाव मिळालाच तर तो यावर.

झाड, मधमाशी आणि पाणी

झाड टिकले तरच व्यापार टिकतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील झाडांमध्ये जांभूळ आहे. स्वतःच्या शेतातील असले तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. नगरपालिका हद्दीत नागरी क्षेत्रासाठीचा १९७५ चा कायदा लागू होतो. मात्र केवळ कायद्याने झाड वाचत नाही. त्याच्यापासून दरवर्षी चार पैसे मिळू लागले तर मालक स्वतःच त्याचा राखणदार होतो.

जुन्या झाडांपैकी मोठ्या फळाची, गर जास्त व बी लहान असलेली झाडे गावाने निवडून त्यांवर क्रमांक टाकावेत व त्यांच्या काड्यांपासून मृदुकाष्ठ कलमे तयार करून घ्यावीत. बियांपासून केलेल्या रोपाला फळे येण्यास बराच काळ लागतो व फळ आईसारखे येईलच असे नाही. नवी लागवड १० × १० मीटर अंतरावर करावी. कोकण कृषी विद्यापीठाची "कोकण बहाडोली" ही मोठ्या फळाची जात चांगली असली तरी बदलापूरच्या मानांकनासाठी आपल्याच जुन्या झाडांचा वंश जपणे महत्त्वाचे आहे.

उल्हास नदीच्या काठावरील जुनी जांभळे तर मुळीच काढू नयेत. जुलै २००५ व जुलै २०१९ च्या पुरांत या नदीचे रूप आपण पाहिले आहे. झाडे पूर अडवीत नाहीत, पण त्यांची मुळे काठाची माती धरून ठेवतात.

जांभळावर फळमाशीचा उपद्रव होतो व परदेशी बाजारपेठेत सर्वात जास्त भीती तिचीच असते. पडलेली व किडलेली फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत. मिथिल युजेनॉलचे आमिष असलेले "रक्षक" सापळे हेक्टरी ४ या प्रमाणात टांगावेत. भेंडी-वांग्यासाठी आणलेले औषध उरले म्हणून जांभळावर मारू नये. मोहोराच्या काळात फवारणी केल्यास मधमाश्या मरतात, फळधारणा घटते आणि उर्वरित अंशांमुळे गराचा कंटेनर परत येण्याची जोखीम वाढते ती वेगळीच.

पाण्याबाबत विशेष काळजी घ्यावी. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहत कल्याणजवळ उल्हासच्या खाडीस मिळते. कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी तिच्यात मिसळत आले आहे. अशा नदी-नाल्याच्या पाण्याने फळे, खोकी वा जाळी धुऊ नयेत. कारखान्यालगतच्या वा सांडपाण्याकाठच्या झाडांचे फळ प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय गटाच्या मालात मिसळू नये. नदी स्वच्छ ठेवा ही मागणी आजवर आपण पिण्याच्या पाण्यासाठी केली. मानांकनामुळे ती आता आपल्या मालाच्या नावासाठीही करता येते. ग्रामसभेने ती लेखी करावी.

येत्या हंगामापूर्वी करावयाची कामे

१) गावातील जांभळांची गणना करून प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. वहीत मालकाचे नाव, गट क्रमांक, काढणीची तारीख, वजन व कोणी उतरविले याची नोंद ठेवावी. माल कोठून आला याचा माग लावणे यालाच म्हणतात.

२) किमान वीस झाडांचा गट करावा. त्यात झाडमालकांबरोबर फळ उतरविणारे व स्टेशनवर टोपली घेऊन बसणाऱ्या भगिनी यांनाही सभासद करून घ्यावे.

३) अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. प्रक्रिया करावयाची असल्यास अन्न सुरक्षा परवाना घ्यावा. आयात-निर्यात कोड व अपेडाची नोंदणी ही पुढची पायरी असून ती गटाच्या नावाने करावी.

४) मेअखेर सर्व मजुरांचा विमा, दोर व जाळी तयार आहेत याची खात्री करावी.

५) शिल्लक रकमेचा ठराविक हिस्सा, समजा दहावा, नव्या कलमांसाठी व अपघात निधीसाठी बाजूला काढण्याचा ठराव पहिल्याच सभेत करावा. पैसा हाती आल्यावर असे ठराव होत नाहीत.

६) झाडाच्या शेंड्यावरची, हात न पोचणारी फळे काढण्याचा अट्टाहास करू नये. ती पाखरांची व वटवाघळांची समजावीत. त्यांनी टाकलेल्या बियांतूनच आपल्या डोंगरात जांभळे उगवली आहेत.

परदेशी खरेदीदार उद्या आपल्या गावात येईल तेव्हा तो फळाची चव घेईल, मग नोंदवही मागेल आणि शेवटी हे फळ कोणी उतरविले, असे विचारील. त्या माणसाचे नाव वहीत असावे, त्याचा विमा भरलेला असावा व झाड क्रमांकानिशी जागेवर उभे असावे. एवढी तयारी झाली की परदेशी ऑर्डर त्या वर्षी न आली तरी नुकसान होत नाही. मुंबईचा ग्राहक ६८ किलोमीटरवर आहेच. गटाची पहिली सभा पाऊस संपल्यावर, भातकापणीपूर्वी घ्यावी व झाडांची गणना दिवाळीपर्यंत पूर्ण करावी.